तीसपैकी सत्तावीस

उरकुडे सरांना मी आठवीपासून घाबरत आले. त्या घाबरण्यापायी त्यांच्या बायकोचा जीव जाता जाता राहिला. हे आजवर मी तोंडानं दोनच माणसांना सांगितलं आहे, आता लिहून टाकते. सर गेले त्याला दीड वर्ष होईल. इंदूकाकू आता मुलीकडे, वैशालीताईकडे, हिंगणघाटला असतात. लिहू का म्हणून ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "लिही. बाबा असते तर त्यांनी आधी तुझं अक्षर सुधारलं असतं आणि मग परवानगी दिली असती."

सर केळझरच्या अलीकडच्या एका गावात हेडमास्तर होते. ठेंगणे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पायात रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट. बाकीचे मास्तर चपला फटफटवत यायचे, सरांच्या येण्याचा आवाजच नसायचा. मान खाली घालून पेपर लिहीत असावं आणि अचानक कागदावर सावली पडावी, की पेन जागीच थांबायचं. दहावीच्या केंद्रावर उरकुडे सर आहेत असं कळलं, की खिडकीतून कॉपी फेकायला आलेले काका-मामे आल्या पावली परत जायचे. "चूक माफ, चोरी माफ नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि बोलणं संपलं की "बरं, पुढं," म्हणायचे. त्या 'पुढं'नंतर कोणी मागचं काही काढत नसे.

वैशालीताई दहावीला त्याच केंद्रावर बसली होती. मागच्या मुलीला तिनं एका प्रश्नाचं उत्तर सांगितलं आणि सरांनी तिचा पेपर उचलला. पोटच्या पोरीचं वर्ष गेलं. इंदूकाकू तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, पण ताट वाढत राहिल्या, असं ताई सांगते. मला सरांनी आठवीत पकडलं. तळहातावर सूत्रं लिहून आणली होती. ओरडले नाहीत, हातही उगारला नाही. नळावर नेलं, साबणानं हात धुवायला लावला, परत जागेवर बसवलं आणि म्हणाले, "आता जे तुझं आहे, तेवढं लिही." माझं काहीच नव्हतं, मी कोरा पेपर देऊन घरी गेले. अजूनही कोणी मागून न बोलता आलं तर माझी मूठ आपोआप मिटते.

अशा मुलीला पुढं परीक्षा घ्यायचंच काम मिळावं, ही गंमतच. मी वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात असते. मेंदूच्या विभागात दर गुरुवारी विसरण्याच्या आजारांची ओपीडी भरते. खेड्यापाड्यातले लोक तिला 'विसराची लाइन' म्हणतात. डॉक्टरमॅडम तपासतात, त्याआधी पेशंटची स्मरणशक्ती मोजायचं काम माझं. तीस मार्कांची परीक्षा असते, बहुतेक तोंडी. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठं आहोत, कितव्या मजल्यावर आहोत. तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. काही पेशंटांचे मार्क वर्षानुवर्षं घेऊन आम्ही संशोधनासाठीही ठेवतो, कोणाचा उतार किती वेगानं होतो ते कळावं म्हणून. यात एक नियम कडक आहे. परीक्षेच्या वेळी नातेवाईक बाहेर. घरच्या माणसाची जीभ वळवळतेच, आणि नाही वळवळली तरी त्याचा चेहरा उत्तर सांगतो.

सर निवृत्त होऊन वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला राहायला आल्याचं मला माहीत होतं, पण त्या गुरुवारी पुढच्या फाइलवर 'इंदूबाई उरकुडे' वाचलं तरी माझी ट्यूब पेटली नाही. दार उघडलं आणि आवाज न करता सर आत आले. वय अठ्ठ्याहत्तर, पण बूट तेच. मी खुर्चीतून ताडकन उठले. मागं काकू होत्या, हसऱ्या, गोल चेहऱ्याच्या, नाकात चमकी. शाळेच्या कंपाउंडला लागूनच त्यांचं घर होतं आणि सरांकडून मार खाल्लेल्या पोरांना त्या मागच्या दारानं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खाऊ घालायच्या. त्यांनी माझ्याकडं बघून नमस्कार केला. मला ओळखलं नव्हतं.

"बस, ढोके," हजेरीत घ्यायचे तसं माझं आडनाव घेऊन सर म्हणाले आणि काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

आता मला एवढंच म्हणायचं होतं, की सर, तुम्ही बाहेर बसा. दर गुरुवारी वीस जणांना म्हणते. तहसीलदाराला म्हटलंय, एका आमदाराच्या भावाला म्हटलंय. पण हेडमास्तरला वर्गाबाहेर कसं काढतात हो? सर तिथंच बसून राहिले. मी परीक्षा घेतली. काकूंना तीनपैकी एकही शब्द आठवला नाही. वजाबाकी दुसऱ्या पायरीला अडली. महिना चुकला, मजला चुकला. सरांनी एक शब्दही सुचवला नाही. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि माझा प्रत्येक प्रश्न निळ्या पेनानं उतरवून घेतला. एकवीस मार्क आले.

डॉक्टरमॅडमनी रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. फोटोत थोडी झीज होती, वयानं होते तेवढीच. मॅडम म्हणाल्या, "शंका आहे, पण घाईत नाव द्यायला नको. चार महिन्यांनी परत मार्क बघू. घसरले तर नाव देऊ, औषध सुरू करू आणि घरच्यांना सगळं नीट समजावून सांगू." म्हणजे सगळं माझ्या तीस मार्कांवर येऊन ठेपलं होतं. तोवर अशक्तपणाची इंजेक्शनं लिहून दिली. जाताना सर दारात थांबले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "नापास झाली का ती?" मी म्हटलं, "सर, यात पास-नापास नसतं." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी खाली मान घातली.

चार महिन्यांनी दोघं परत आले. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "गुरुवार." मग महिना, ऋतू, जिल्हा, दवाखाना, दुसरा मजला, सगळं धडाधड. मी म्हटलं, "काकू, आता मी तीन शब्द सांगते, ते—"

"कंदील, बोर, घागर," काकू म्हणाल्या.

मी अजून शब्द सांगितले नव्हते. खोलीत पंखा फिरत होता. सरांची नजर चष्म्यावरून माझ्यावर होती. मग काकूंनी शंभरातून सात म्हटलं, ते पाढ्याच्या चालीत: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. शेवटी श्वास घेऊन त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी मान इतकी थोडी हलवली, की दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

अशा वेळेसाठी माझ्या ड्रॉवरमध्ये दुसरे तीन शब्द, दुसरे आकडे असलेला कागद असतो. मी ड्रॉवर उघडलाही. आणि ज्या माणसानं पोटच्या पोरीचा पेपर उचलला, तो माणूस माझ्यासमोर बसून बायकोला कॉपी करवत होता, हे माझ्या डोक्यात शिरलं. राग आला नाही, भीती वाटली. सरांसारखा माणूस चोरी करतो तेव्हा त्याच्यामागं काय लागलं असेल? मी ड्रॉवर हळूच लोटला आणि कागदावर सत्तावीस लिहिलं.

मॅडम खूश झाल्या. इंजेक्शनांनी फरक पडला म्हणाल्या. पुढच्या वेळी परत सत्तावीस. नाव नाही, औषध नाही, घरच्यांना समजावणंही नाही. जगाच्या लेखी काकू बऱ्या होत्या. आणि पाठ केलेल्या उत्तरांच्या आड त्या रोज किती खाली चालल्या आहेत, हे दोनच माणसांना माहीत होतं, एक सर आणि दुसरी मी.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी धीर करून सिंदी मेघेला गेले. सरांशी बोलायचंच, असं ठरवून. फाटक उघडं होतं. खिडकीतून आवाज येत होते, मी ओट्यावरच थांबले.

"आज वार?"

"गुरुवार."

"महिना?"

"मे."

"आपण कुठं आहो?"

"दवाखान्यात."

"कोणत्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"बरं, पुढं."

मी तिथं उन्हातच उभी राहिले. रविवार होता, एप्रिल होता, आणि त्या बिचाऱ्या आपल्या स्वतःच्या, एका मजल्याच्या घरात बसल्या होत्या. पुढची तारीख मेमधल्या गुरुवारची होती, म्हणून सरांनी महिनाभर आधीच घरात मे महिना आणि गुरुवार आणला होता. त्या घरात आठवड्याचे सातही दिवस गुरुवार होता.

काकूंनी दार उघडलं. पाणी आणून दिलं. माझ्याजवळ बसून, दवाखान्यात बाया बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा पेशंट कोन्ता व्हय, बाई?"

मी पेला खाली ठेवला. त्यांनी आणखी जवळ सरकून विचारलं, "मले सुट्टी कधी देतीन, काही समजलं का? लय दिवस झाले. घरी जा लागते मले."

सर उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी नक्की ऐकलं, कारण त्यांचा हात चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला. मग म्हणाले, "इंदू, चहा मांड." काकू आत गेल्या. आम्ही ओट्यावर आलो आणि मी घसा खाकरून सुरुवात केली, की सर, हे बरोबर नाही, मॅडमना खरं कळायला हवं, उशीर होतोय.

"रंजना," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली. "मला एक सांग. नाव कळल्यावर बरं करणारं औषध आहे का?"

"पूर्ण बरं करणारं नाही, सर. पण थोडं—"

"म्हणजे नाही." ते फाटकाकडं वळले, आणि त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली. "माह्या मायले हेच झालतं. वावरात जाये तं घर सापडे नाई. चुलीवर रिकामं भगोणं ठेवे. तवा घरच्यायले वाटे, म्हातारपण हाय. मंग एक वैद्य आला, त्यानं म्हटलं, बाईचं डोकं फिरलं. तेवढं नाव पडलं अन् दुसऱ्या दिवशी तिले गोठ्याच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. मी नवीन मास्तर झालतो. सकाळी शाळेत निघताना कडी मी लावो. दोन वर्सं. ते आतून म्हणे, 'बापू, कोनं लावली रे कडी?' अन् मी बाहेरून म्हणो, 'माहीत नाई, माय.'"

आत कपबशा वाजल्या. सरांनी आवाज खाली आणला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "नाव पडलं का कडी पडते. इंदूवर मी नाव पडू देत नाई. तुले मॅडमले सांगायचं तं सांग."

मी सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी सांगू, पुढच्या तारखेला दुसरा कागद काढू, असं मनाशी म्हणत राहिले. कोणी मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, सरांची दया आली. खोटं आहे ते. मी घाबरले होते, बस.

मेमध्ये नवतपा लागला. नऊ दिवसांचं ते ऊन ज्यानं आमच्याकडं सोसलंय, त्याला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. काकूंच्या तारखेच्या आदल्या दिवशी, बुधवारी, साडेतीनच्या सुमारास मी ओपीडीत दुसऱ्या दिवसाच्या फाइली लावत होते. लिफ्टचं दार उघडलं आणि एक माणूस डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला, दोन्ही हातांवर एका बाईला उचलून आला. चेहऱ्याआधी त्या साडीचे काठ माझ्या ओळखीचे निघाले.

"मॅडम, हे बाई तुमचीच हाय का?" तो म्हणाला. धापा टाकत होता. "मी छोटा हत्ती टेम्पो चालवतो, टरबुजं घेऊन येऊन राह्यलतो. पवनारच्या पुढं रोडवर एकटी चालत होती, पायात चप्पल नाई. नाव इचारलं तं बापाचं नाव सांगे. कुठं चालली म्हटलं तं म्हणे, 'घरी, केळझरले, सुट्टी झाली मले.' मंग गाडीतच डोळे फिरवले. पदराच्या गाठीत हे चिठ्ठी होती, अन् मोठा दवाखाना हाच, म्हणून इथं आणली."

चिठ्ठी निळ्या शाईची. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावर वर्षानुवर्षं पाहिलेलं. 'गुरुवार. मे. उन्हाळा. वर्धा. दवाखाना. दुसरा मजला. कंदील, बोर, घागर.'

काकूंचं अंग तव्यासारखं तापलं होतं, घाम नव्हता, तळपायाची कातडी सुटली होती. मी ओरडून स्ट्रेचर मागवलं. त्यांना खाली तातडीच्या विभागात नेलं, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले कपडे गुंडाळले, सलाइन लावलं. ड्युटीवरच्या डॉक्टर पोरीनं मला बाजूला घेऊन म्हटलं, "नातेवाइकांना बोलवा, लवकर." मी सरांना फोन लावला. एका घंटीत उचलला.

झालं होतं ते असं. जेवून सरांचा डोळा लागला. काकू उठल्या. आपण दवाखान्यात आहोत हे त्यांना पक्कं शिकवलेलं होतं, आणि दवाखान्यातून माणूस घरी जातो. त्या घरी निघाल्या, म्हणजे माहेरी. फाटकाशी शेजारच्या बाई भेटल्या. "काकू, एवढ्या उन्हात कुठं?" "केळझरले." शेजारच्या बाईंना काय माहीत? उरकुडे काकू धडधाकट, हसून बोलतात, माहेरी चालल्या असतील. त्यांनी मायेनं ऑटो थांबवला, बसस्टँडवर सोडायला सांगितलं. बसमध्येही कोणाला शंका आली नाही. त्या मध्येच कुठंतरी उतरल्या आणि चालू लागल्या.

अर्ध्या तासानं सर जागे झाले. ते सायकल काढून सिंदी मेघेच्या गल्ल्या धुंडाळत होते, तीन तास, त्या उन्हात. आणि तीन तासांत त्यांनी एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. शेजारच्या बाईंनीच फाटकातून हाक मारली होती, "काय सर, काही शोधता का?" सर म्हणाले, "नाही, सहज फिरतोय." हे त्यांनीच मला त्या रात्री सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

ते आले तेव्हा शर्टाची बटणं वर-खाली लागली होती. वॉर्डाच्या बाहेर मी त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. का ठेवली, मला माहीत नाही. मनात राग असेल, त्यांच्यावर किंवा माझ्यावर. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली.

"यात नाव नाई लिहिलं मी," ते म्हणाले. "पत्ता नाई. फोन नाई." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "परीक्षेत नाव इचारत नाई ना तुम्ही. म्हणून नाई लिहिलं."

तीन दिवस काकू जातात की राहतात, अशी गत होती. चौथ्या दिवशी लघवी होऊ लागली, त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पाचव्या दिवशी मी डॉक्टरमॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, कंदील-बोर-घागरीपासून. मॅडम फार ओरडणाऱ्या नाहीत. त्यांनी दोन्ही सत्तावीस काढून समोर ठेवले आणि म्हणाल्या, "रंजना, या आकड्यांवर मी त्यांना घरी पाठवलं. शेजाऱ्यांना सांगा, गळ्यात पत्ता घाला, एकटं सोडू नका, एवढं मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं." मग त्यांनी संशोधनाच्या यादीतून ते दोन्ही आकडे खोडले. मला काढून टाकतील असं वाटलं होतं, त्यांनी फक्त पुढचे दोन महिने माझ्या प्रत्येक परीक्षेला स्वतः येऊन बसायचं ठरवलं. काढून टाकलं असतं तर बरं, असं कितीदा मनात आलं.

काकू घरी गेल्या. वैशालीताई पंधरा दिवस येऊन राहिली. ती आणि मॅडम दोघींनी सरांना सांगितलं, की दुपारी निदान दाराला कडी लावा. सरांनी कडीच उचकटून काढली. ताई सांगते, त्यांनी खुर्ची आणून उंबऱ्यात ठेवली आणि दिवसभर त्या दारात बसू लागले. जेवण तिथं, पेपर तिथं. डुलकी लागू नये म्हणून मांडीवर थंड पाण्याचा तांब्या धरून बसायचे. सांडला की जाग यायची. शाळेत मला ज्याची भीती वाटायची, तो हा माणूस, आणि तो आता एका उघड्या दाराला इतका घाबरत होता. 

जुलैमध्ये दोघं परत आले. काकू वाळल्या होत्या, चालताना सरांचा दंड धरून होत्या. सरांनी त्यांना माझ्यासमोर खुर्चीत बसवलं, पदर नीट केला आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच बाहेर गेले. दार ओढून घेतलं. मॅडम कोपऱ्यात बसल्या. मी दुसरा कागद काढला, नवे शब्द, नवे आकडे. काकूंना वार आला नाही. महिना आला नाही. शब्द सांगितले तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकानं ऐकले आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "तू मले काही सांगितलंच नाई, पोरी." मी तेरा मार्क मोजले.

शेवटी एक प्रश्न लेखी असतो. पेशंटनं मनानं कोणतंही एक वाक्य लिहायचं. आधीच्या दोन्ही वेळी काकूंनी 'सूर्य पूर्वेला उगवतो' असं लिहिलं होतं, शुद्ध, पूर्णविरामासकट. ते कोणाचं, हे उघडच होतं. आता मी पेन दिलं आणि म्हटलं, "काकू, तुमच्या मनात येईल ते लिहा."

त्या बराच वेळ कागदाकडं बघत बसल्या. मला वाटलं, विसरल्या. मग त्यांनी लिहायला घेतलं. सातवी शिकलेल्या बाईचं वाकडंतिकडं अक्षर, ओळ वर चढत गेलेली. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं सरकवला आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "यायले दाखवजो नको." 'यायले' म्हणजे सरांना; नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नसत.

लिहिलं होतं: 'यायले भेव लागते म्हणून मी पाठ करतो.'

मी मॅडमकडं कागद दिला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला. मग उठून दार उघडलं आणि सरांना आत बोलावलं. सर टेबलाशी आले आणि त्यांनी हात पुढं केला, न बोलता, शाळेत पेपर मागायला करायचे तसा. काकूंनी नको म्हटलं होतं. पण मी दिला. त्या हाताला मी आयुष्यात कधी नाही म्हणू शकले नाही.

सरांनी ते वाक्य वाचलं. एका ओळीला लागतो त्यापेक्षा फार जास्त वेळ ते वाचत होते. मग कागद टेबलावर ठेवला, त्याची कड टेबलाच्या कडेला लावली आणि मॅडमना म्हणाले, "नाव लिहा, मॅडम. जे आहे ते लिहा. मी वाचून घेतो."

मॅडमनी लिहिलं. औषध लिहिलं, दोन तास बसून सगळं समजावलं, गळ्यात घालायचा पत्ता तिथंच छापून दिला. शेजाऱ्यांना सांगायचं म्हटल्यावर सर म्हणाले, "सांगतो. आज सांगतो." सगळं आटोपल्यावर ते काकूंसमोर खाली बसले आणि त्यांच्या पायात चपला सरकवू लागले. पावलांवरचे डाग अजून गेले नव्हते. पट्टा लावता लावता, आम्ही तिथं आहोत हे विसरून, त्यांनी विचारलं, "इंदू, तुले भेव नाई लागत?"

"कायचं?" काकूंनी विचारलं.

त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्या वाट बघत होत्या, सर सांगतील म्हणून. सरांनी पट्टा लावला. ते खुर्चीचा हात धरून उठले, काकूंना उठवलं, आणि दोघं बाहेर पडले.

मी दारापर्यंत गेले. सरांना त्यानंतर मी पाहिलं नाही. दिवाळीच्या आत ते गेले, त्याच उंबऱ्यात, खुर्चीत. त्या दिवशी व्हरांड्यात काकू अर्धं पाऊल पुढं होत्या, सरांचा हात त्यांच्या हातात होता. व्हरांडा संपतो तिथं त्या थांबल्या. डावीकडं जिना आहे. उजवीकडं काही नाही, बंद पडलेल्या खाटा आणि एक भिंत आहे. सरांना तो मजला पाठ होता. काकूंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि उजवीकडं वळल्या. सर त्यांच्यासोबत उजवीकडं गेले.